पित्ताचे खडे बोल

"भाऊजी, यांचं पित्त काही केल्या जात नाही बघा," लातूरच्या वहिनींचा नांदेडला फोन आला. 'हे' म्हणजे माझे बँकेतले जुने सहकारी. आठ महिन्यांपूर्वी पुण्याला जाऊन त्यांनी वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. 128 किलोंचे 88 झाले, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. आता मात्र जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येई, पाठीत नि खांद्याकडे जाई, तास-दोन तास छळी आणि ओसरे. मोरावळा झाला, थंड दूध झाले, आम्लपित्ताच्या गोळ्याही झाल्या.

इथे आपल्या भाषेनेच आपल्याला चकविले आहे. छातीत जळजळले की पित्त, डोके दुखले की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. खरे पित्त यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि स्निग्ध पदार्थ पचवायला लागते. माणूस झपाट्याने बारीक होऊ लागला की चरबीतले कोलेस्टेरॉल यकृतामार्फत पित्तात उतरते. खाणे थोडे, तेलतूप बेताचे, म्हणून पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही. पित्त साचते, दाट होते, त्याचे खडे बनतात. शस्त्रक्रिया न करता कडक उपासाने भराभर वजन उतरविणाऱ्यांनाही हा धोका असतोच.

अमेरिकेत 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जठराच्या बायपासनंतर सहा महिन्यांत, औषध न घेणाऱ्यांपैकी 32 टक्के रुग्णांना खडे झाले. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल रोज 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत अवघ्या 2 टक्क्यांना. म्हणून अनेक डॉक्टर हे औषध सहा महिने देतात. आमच्या मित्राच्या चिठ्ठीवरही ते होते. "त्रास काहीच नाही, मग गोळ्या कशाला?" म्हणून त्यांनी दुसऱ्याच महिन्यात ते बंद केले. बँकेत मी हेच पाहत आलो. कर्जाची रक्कम हाती पडली की मंजुरीपत्रावरच्या अटी कुणी पुन्हा वाचीत नाही.

मी त्यांना सोनोग्राफी करायला लावली. पित्ताशयात खडे निघाले. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा केली. आज तीच शस्त्रक्रिया लातूर-नांदेडलाही होते. मित्राला त्यासाठी पुन्हा पुण्याला जावे लागले नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे प्रत्येक दुखणे खड्यांचेच असते असे मात्र नाही. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड नि जुलाब झाले, तर अन्न आतड्यात फार लवकर उतरल्याचे ते लक्षण असू शकते. उलट्या थांबेनात तर ब-1 जीवनसत्त्व घटून मेंदूला नि मज्जातंतूंना इजा होण्याचे भय असते. ताप, पिवळे डोळे, गडद लघवी किंवा न थांबणारी कळ असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बायपास झालेल्यांनी ते आवर्जून सांगावे, कारण पित्तनलिकेत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढण्याची नेहमीची वाट त्यांच्यात बदललेली असते.

आपल्याकडे अडचण अशी, की शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईला होते आणि दुखणे गावी उठते. गावच्या डॉक्टरांपुढे पोट उघडे असते, कागद नसतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदांची एक प्रत घरी आणि एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवावी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या नि रक्ततपासण्या जन्मभराच्या आहेत, हे घरातल्या सर्वांनीच समजून घ्यावे. वजनाचा काटा पाहायला सगळे घर गोळा होते. चिठ्ठी वाचायलाही एकाने बसावे.

आता लातूरला ते काम वहिनी करतात. परवा फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, आता कुणी पित्त म्हटलं, की मी आधी विचारते, कोणतं?"