क्राकोला जायचं, पण आधी कोल्हापूरला



मुलगा जर्मनीत आहे. यंदा जूनमध्ये त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणाला, "आई, तीन दिवस पोलंडमधलं क्राको बघून येऊ." तेव्हापासून वही-पेन घेऊन बसले आहे. बी.कॉम. झाल्याची खोड, प्रवासाचाही ताळेबंद मांडते.

आधी आपली नेहमीची काळजी, जेवणाची. जूनमध्ये तिथे सूर्य मावळायला जवळजवळ रात्रीचे नऊ वाजतात, त्यामुळे दिवसभर फिरूनही सूर्यास्तापूर्वी आरामात जेवता येतं. हिवाळ्यात मात्र चारच्या आधीच अंधार पडतो. शिवाय चातुर्मासाच्या आत घरी परत येता येतं. तिथल्या पिएरोगी म्हणजे आपल्या करंजीसारख्या, पण सारणात बहुधा बटाटा-कांदा. म्हणून स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यायची. एक लक्षात ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. तूप-पेढे घरीच ठेवा. खाकरे, मूगडाळ आणि तेलातल्या पुऱ्या न्या.

आता काय बघायचं? बघण्यासारखं पुष्कळ आहे. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यात अवघी १२ ठिकाणं होती. त्यांतली दोन इथली : क्राकोचं जुनं शहर आणि जवळची विएलिच्काची मिठाची खाण. खाणीत मिठात कोरलेलं प्रार्थनागृह आहे, झुंबरंसुद्धा मिठाची. पण एकूण पायऱ्या सुमारे ८००, त्यांतल्या ३८० सुरुवातीलाच उतरायच्या. माझ्या गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि मी ते ऐकलं. तीन दिवसांत सगळं कोंबलं तर नुसते फोटो हाती लागतात.

खरा वाद झाला तो ऑश्विट्झवरून. क्राकोपासून सत्तरेक किलोमीटरवर नाझींची ही छळछावणी. इथे सुमारे ११ लाख माणसं मारली, बहुतेक ज्यू. नणंदबाई म्हणाल्या, "सुखाच्या सहलीत असलं अभद्र कशाला बघायचं? मन गढूळ होतं." त्यांचं अगदीच चूक नाही. पण मला वाटतं, रोज अहिंसेचं नाव घेणाऱ्यांनी हिंसा कुठपर्यंत जाते हे एकदा डोळ्यांनी पाहावं. तिथे मेलेल्यांच्या सुटकेसा ठेवल्या आहेत, त्यांवर मालकांनी स्वतःच्या हाताने घातलेली नावं आहेत. आपणही प्रवासाला निघताना बॅगेवर नाव घालतोच ना?

फक्त क्रम नीट हवा. पहिल्या दिवशी जुना चौक आणि तिथली कापडबाजाराची इमारत. दुसऱ्या दिवशी वावेलचा किल्ला आणि काझिमिएझ हा ज्यूंचा जुना मोहल्ला. युद्धाआधी शहरातला जवळजवळ चौथा माणूस ज्यू होता. ती माणसं कशी जगत होती ते आधी बघायचं, मग तिसऱ्या दिवशी ऑश्विट्झ. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवायचं नाही, खरेदी तर नाहीच. तिथे प्रवेशाची नोंदणी आधीच करावी लागते, तेही मुलाला सांगून ठेवलं आहे.

आणि सगळ्यांत आधी कोल्हापूर! सोव्हिएत रशियाने घरादारातून उचलून सैबेरियाकडे धाडलेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतल्या सुमारे ५,००० जणांना, मुख्यतः बायका-मुलांना, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला. त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे आणि कोल्हापुरात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. तोही कुठे, तर महावीर उद्यानात! मला हे साठी ओलांडल्यावर कळलं, याची लाज वाटली.

नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरला जाते. व्हिसा लागत नाही, जेवणाची चिंता नाही. एका गावात माणसं मारली गेली, दुसऱ्या गावात सांभाळली गेली. माझ्या मते दोन्ही पाहिल्याशिवाय ही सहल अर्धीच. नणंदबाई क्राकोला येत नाहीत, पण कोल्हापूरचं तिकीट त्यांचंही काढलं आहे.

तुमच्यापैकी आणखी कोणी येणार का?