झिलई चढवता येत नाही

मराठी समीक्षेत 'झिलई' या शब्दाचे नशीब फारसे बरे नाही. एखाद्या कादंबरीची भाषा गुळगुळीत पण पोकळ वाटली की समीक्षक तिला 'वरवरची झिलई' म्हणतो आणि मोकळा होतो. या प्रयोगामागे एक गृहीत धरलेले असते, ते असे की झिलई ही कल्हईसारखी बाहेरून चढवायची गोष्ट आहे. कल्हई खरोखरच चढते. तांब्या-पितळेच्या भांड्यावर कथिलाचा थर बसतो. झिलईचे तसे नाही, हे ज्यांना पटवून घ्यायचे असेल त्यांनी मोटारींच्या छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांचे काम एकदा जवळून पाहावे.

उदाहरणादाखल मिनी कूपर घेऊ. माँटे कार्लो रॅली या चिमुकल्या ब्रिटिश गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. तांबडे अंग आणि पांढरे छप्पर ही तिच्या संघाची ओळख. जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीने तिची १/२४ प्रमाणातली जोडणी-प्रतिकृती काढली आहे. मूळची तीन मीटरांची गाडी इथे जेमतेम तेरा सेंटिमीटरांची होते. तिच्या प्लास्टिकच्या अंगावर ॲक्रिलिक रंगाचे हात फवारले, वर पारदर्शक थर दिला, की रंग चमकतो खरा, पण दिव्याखाली तिरपा धरला की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. खऱ्या मोटारीच्या रंगावरही अशी साल असते. फरक प्रमाणाचा आहे. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा उंचवटा खऱ्या गाडीवर चोवीस मिलिमीटरांचा होईल, आणि असा पोचट पत्रा घेऊन कोणी कारखान्याबाहेर पडणार नाही.

नवशिका अशा वेळी आणखी एक थर देतो. 'चढवण्या'ची कल्पना फसते ती इथे. रंगाचा थर पन्नास मायक्रॉनचा झाला, तर गाडीच्या मापात तो १.२ मिलिमीटर जाडीचा लेप ठरतो. दारांच्या फटी बुजतात, कडा गोलावतात, गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी दिसू लागते.

जाणता कारागीर थांबतो. ॲक्रिलिक हाताला तासाभरात कोरडे लागते, पण आतून मऊच असते. आठवडाभर, दमट हवेत त्याहूनही अधिक, त्याला हात लावायचा नाही. नाक जवळ नेल्यावर रंगाचा वास येत असेल तर अजून वेळ आहे. मग पाण्यात साबणाचा थेंब टाकून २००० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. (घासण्याच्या कागदाला आपल्याकडचे सुतार आणि रंगारी 'पॉलिश पेपर' म्हणतात. समीक्षकांपेक्षा त्यांची परिभाषा अधिक नेमकी आहे.) यानंतर घडते ते धीर खचवणारे असते. होती नव्हती ती सगळी चमक जाते आणि हाती एक निस्तेज, राखट कवच उरते. पुढे उत्तरोत्तर बारीक कागद, मग जाड, बारीक आणि अतिबारीक अशी तीन प्रतींची कंपाऊंडे, मऊ कापडाने. कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे बोट दोनदा अधिक फिरले की खालचे प्लास्टिक डोकावते आणि आठवड्याचे काम वाया जाते. म्हणून कडांना आधी चिकटपट्टी लावतात. घाई करून यंत्राची फिरकी लावली तर घर्षणाच्या उष्णतेने रंग मऊ होऊन ओढला जातो.

या साऱ्या कामात अंगावर काहीही चढत नाही. दर पायरीला थोडा रंग कमी होतो. दोन हजारी कागदाचा कण सुमारे दहा मायक्रॉनचा, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पृष्ठभागाचे ओरखडे या लांबीच्या बरेच खाली गेले, तरच प्रतिबिंब स्वच्छ उठते. गाडी चोवीस पटींनी लहान झाली म्हणून प्रकाश काही लहान होत नाही! तेरा सेंटिमीटरांच्या मिनीला खऱ्या मिनीइतकेच बारीक घासावे लागते.

मात्र या कसबाचे भक्त जिथे पोहोचतात, तिथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. प्रदर्शनांच्या टेबलांवर हल्ली प्रत्येक गाडी आरसा झालेली असते. सपाटी आणि चकाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा विसर पडलेला दिसतो. साल घालवणे हे प्रमाणाचे मागणे आहे, त्यात सूट नाही. आरसा मात्र प्रमाणाशी वैर धरतो, कारण तो खोली दाखवतो. रस्त्यावरच्या गाडीत आभाळ, झाडे, समोरची घरे उमटतात. टेबलावरच्या आरशात बॉनेटभर एक ट्यूबलाइट आणि वाकून पाहणाऱ्याचे नाक. रंग जितका आरशासारखा, तितकी गाडी खेळण्यातली. फूटभर अंतरावरून प्रतिकृती पाहणे म्हणजे खरी गाडी चोवीस फुटांवरून पाहणे, आणि तेवढ्यावरून रॅलीतल्या मिनीच्या दारात कोणाला आपल्या मिशा दिसत नसत.

शोरूममधल्या आलिशान गाडीची प्रतिकृती असेल तर तिसरे कंपाऊंड खुशाल वापरावे. आल्प्सच्या बर्फातून रात्रभर धावलेल्या मिनीला दुसऱ्यावर थांबवावे, आणि मेण तर लावूच नये. छपराला तेवढेही नको. पांढऱ्यावर प्रतिबिंब तसेही फारसे उठून दिसत नाही.