खेकड्यांच्या बादलीत मीठ कशाला?

पाऊस लागला की भोर-वेल्ह्याकडे ओढ्याचे खेकडे घरात येतात. रांधायला वेळ असला की कुणीतरी हमखास सुचवतं, "बादलीत पाणी भर नि मूठभर मीठ टाक." त्याची काही गरज नाही. खेकडा गोड्या पाण्यातला असला तरी त्याचं रक्त त्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. अंगातलं मीठ सारखं पाझरतं, आणि कवचाखालचे कल्ले पाण्यातलं कणकण मीठ वेचून ती तूट भरतात. श्वासही त्यांनीच घ्यायचा! कोकणातल्या खाडीच्या चिंबोरीला तर पावसात गोडं, उन्हाळ्यात खारं पाणी. तिचे मागचे कल्ले त्याप्रमाणे काम कमी-जास्त करतात.

तेव्हा कल्ले फक्त ओले राहू द्या. पाटीत ठेवून वर ओलं गोणपाट टाका. बादलीत बुडवलेत तर पाण्यातला प्राणवायू संपून ते मरतात, आणि मेलेला खेकडा लगेच नासतो, तो टाकूनच द्या. साफ करताना पिसांसारखे करडे कल्ले काढा. गाळ तिथंच अडकतो.

नांग्या वाटून काढलेला रस मात्र चांगला खळखळून उकळा. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसाचा जंत होतो. मणिपूरकडे असे रोगी आढळले आहेत, आणि हा विकार क्षयासारखाच दिसतो.