जीपीएसची वेळ का चुकते? घरच्या टाइम सर्व्हरपासून देशाच्या घड्याळापर्यंत

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत एक आकडा दिला. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळे आल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या होत्या.

अशी बातमी वाचली की आपल्याला आठवतो तो मोबाइलमधला नकाशा. पण जीपीएस फक्त रस्ता दाखवत नाही, ते वेळही सांगतं. ती वेळ चुकली तर काय होतं, हे समजून घ्यायला विमानात बसायची गरज नाही. घरात बनवता येणारा एक छोटा टाइम सर्व्हरही ते दाखवून देतो.

जीपीएसचा वेळेशी काय संबंध?

जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळं असतात. उपग्रह सतत सांगत असतो, ‘माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले’. हा संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून रिसीव्हर उपग्रहाचं अंतर काढतो. चार उपग्रह दिसले की तुमची जागाही कळते आणि अचूक वेळही.

म्हणूनच टेलिकॉम टॉवर, वीजवाहिन्यांचं जाळं आणि डेटा सेंटर जीपीएसकडून वेळ घेतात. घरी हेच करायला रास्पबेरी पाय हा छोटा कंप्युटर, एक जीपीएस मॉड्यूल आणि अँटेना एवढं पुरतं. घरातले बाकीचे कंप्युटर, सीसीटीव्ही वगैरे एनटीपी या पद्धतीने त्याच्याकडून वेळ घेतात. इंटरनेट बंद पडलं तरी वेळ मिळत राहते.

चूक किती आहे? त्यावरून कारण ओळखा

वेळच मिळत नसेल तर आधी अँटेना बघा. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत अगदी क्षीण होतो. काँक्रीटचा स्लॅब किंवा पत्रा तो सहज अडवतो. अँटेना गच्चीत किंवा मोकळं आकाश दिसेल अशा बाल्कनीत हलवून बघा.

वेळ मिळतेय पण चुकीची आहे, अशा वेळी चुकीचा आकडा महत्त्वाचा.

• साडेपाच तासांचा फरक: हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. टाइम सर्व्हर नेहमी यूटीसी ही जागतिक वेळ देतो. त्यात साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ दाखवणं हे तुमच्या कंप्युटरचं काम. त्याच्या सेटिंगमधला टाइम झोन तपासा.

• १८ सेकंदांचा फरक: जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून सलग मोजली जाते. जागतिक वेळेत मात्र मधूनमधून लीप सेकंद घातले गेले. त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून जीपीएसची वेळ १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहच कळवतात, पण ती माहिती साडेबारा मिनिटांतून एकदा येते. मॉड्यूल नुकतंच सुरू केलं असेल तर थोडं थांबा. त्याचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर तेवढ्या वेळात एक-दोन सेकंदांचाही फरक दिसू शकतो.

• सेकंदाच्या काही दशांशांचा फरक: आकाशवाणीवर बातम्यांआधी वाजणारे ‘पीप पीप’ आठवा. निवेदक वेळ सांगतो, पण घड्याळ लावायचं ते पीपवर. जीपीएस मॉड्यूलही दोन गोष्टी देतं. किती वाजले हे सांगणारा मजकूर, आणि सेकंद नेमका कधी सुरू झाला हे सांगणारा विजेचा ठोका. त्याला पीपीएस म्हणतात. मजकूर उशिरा पोहोचतो, ठोका नाही. ठोक्याची वायर जोडलेली नसेल किंवा सेटिंगमध्ये तो सुरू केलेला नसेल, तर सर्व्हर फक्त मजकुरावर चालतो.

• बरोब्बर एक सेकंदाचा फरक: ठोका येतोय, पण तो चुकीच्या सेकंदाला जोडला गेलाय. मजकुराच्या उशिराची भरपाई सेटिंगमध्ये नीट भरावी लागते.

• जवळपास १९.६ वर्षांचा फरक: जीपीएस आठवडे मोजतं, पण त्याच्या मूळ संदेशात १,०२४ आठवड्यांचीच जागा आहे. मग मोजणी पुन्हा शून्यावर येते. असं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झालं, पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. जुनी मॉड्यूल इथे गोंधळतात. २०२१ मध्ये तर जीपीएसडी या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांमधल्या चुकीमुळे २४ ऑक्टोबरला तारीख थेट मार्च २००२ वर जाणार होती. सॉफ्टवेअर अपडेट करणं हाच यावर पहिला उपाय.

मग खरा धोका कुठे आहे?

यातल्या कुठल्याही चुकीत जीपीएस मॉड्यूल ‘मला माहीत नाही’ असं म्हणत नाही. ते चुकीची वेळही तितक्याच ठामपणे सांगतं. बंद पडलेलं घड्याळ लगेच लक्षात येतं. चालू आणि चुकीचं घड्याळ लक्षात यायला दुसरं घड्याळ लागतं.

एनटीपी ही पद्धत याच विचारावर उभी आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी ती १९८० च्या दशकात तयार केली. त्यात अनेक घड्याळांची तुलना होते आणि बाकीच्यांशी न जुळणारं घड्याळ बाजूला काढलं जातं. दोनच घड्याळं असतील तर खोटं कोणतं हे ठरवता येत नाही. त्यामुळे किमान तीन लागतात, आणि एखादं बंद पडलं तरी अडू नये म्हणून चार असलेली बरी. घरी जीपीएस लावलं तरी इंटरनेटवरचे तीन-चार टाइम सर्व्हर यादीत ठेवायचे ते यासाठीच.

यात आपलं काय जातं? लॉगिनसाठीचा ऑथेंटिकेटर ॲपचा कोड साधारण ३० सेकंदांत बदलतो. वेळ चुकली तर बरोबर कोडही नाकारला जातो. तारीख फार मागे गेली तर वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडतच नाहीत. आणि सीसीटीव्हीची वेळ चुकीची असेल तर पुरावा म्हणून त्या फुटेजवर प्रश्न उभे राहतात.

देशाचं घड्याळ कोणाच्या भरवशावर?

भारताची अधिकृत वेळ दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांना आपली घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने भारतीय प्रमाणवेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही आणला. अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांमधून ही वेळ देशभर पोहोचवण्याची योजना आहे.

इस्रोची नाविक ही स्वदेशी यंत्रणा दुसरा आधार ठरू शकते, पण तिचा प्रवास सोपा नाही. पहिल्या उपग्रहातली परदेशी बनावटीची अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मध्ये स्वदेशी अणुघड्याळ असलेला एनव्हीएस-०१ अवकाशात गेला. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही.

अमृतसरच्या आकाशात कुणी खोटा सिग्नल सोडला, तर तो पकडण्याचा मार्गही घरच्या सर्व्हरसारखाच आहे: दुसऱ्या स्रोताशी ताडून बघणं. त्यासाठी तो दुसरा स्रोत आधी हाताशी हवा. देशाचं स्वतःचं घड्याळ उभं करण्याची धडपड त्यासाठीच आहे. जीपीएस टाकून द्यायचं नाहीये, फक्त त्याच्या एकट्याच्या शब्दावर सगळं सोडायचं नाही.