ताडोबाचा मुक्काम आणि आपला चौविहार



ताडोबाची दुपारची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपते आणि मोहर्ली गेटजवळच्या बहुतेक रिसॉर्टांत जेवण लागतं रात्री. चौविहार करणारीने उपाशीच झोपायचं का? आम्ही उतरलो तिथल्या ‘जैन’ भाजीत कांदा नव्हता, बटाटा मात्र होता.

हिशेब साधा आहे. मुक्कामाचे पैसे जेवणासकट घेता, तर कंदमूळ चालतं का आणि जेवण किती वाजता हवं, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. मंगळवारी जंगल बंद असतं, तो नियम सगळे निमूट पाळतात. मग पाहुणीचा नियमच जड का व्हावा?

आपणही संकोच सोडावा. आधीच लिहून कळवावं, सफारी सकाळची घ्यावी आणि संध्याकाळी पाचला गरम जेवण हक्काने मागावं.