दुखणे थांबल्यानंतरचे महिने

५ फेब्रुवारी २०१३. ऑस्ट्रियातील श्लाडमिंग येथे स्कीइंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पहिलीच शर्यत धुक्यामुळे कित्येक तास लांबली होती. अखेर ती सुरू झाली आणि अमेरिकेची लिंडसी व्हॉन उतारावर निघाली. एका उंचवट्यावरून झेप घेतल्यावर तिचा तोल गेला, खाली टेकताना उजवा गुडघा आत मुरडला आणि ती बर्फावर कोसळली. तिला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. गुडघ्यातील दोन अस्थिबंध तुटले होते आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकालाही भंग झाला होता.

व्हँकुव्हरच्या २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये डाउनहिल शर्यतीचे सुवर्णपदक तिने मिळवले होते. पुढील ऑलिंपिक सोची येथे ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सुरू व्हायचे होते. म्हणजे हाती एक वर्ष आणि दोन दिवस. शस्त्रक्रिया लगेच झाली. नऊ महिने विश्रांती व व्यायामाचे धरले तरी नोव्हेंबरात बर्फावर परतता येत होते. कागदावर हिशेब चोख जुळत होता.

हिशेबातील अडचण समजण्यासाठी गुडघ्याची रचना थोडी पाहावी लागते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आतून तिरपा बांधून ठेवणारा एक पट्टा असतो. डॉक्टर त्यास एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणे आणि पाय वळताना सांधा सावरणे हे त्याचे काम. तो पुरता तुटला की सहसा आपोआप सांधत नाही. म्हणून बहुधा रुग्णाच्याच मांडीमागील किंवा गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा तुकडा घेऊन त्याच्या जागी बसवतात. शस्त्रक्रियेचे काम काही तासांत उरकते. खरा वेळ लागतो तो त्यानंतर. बसवलेला पट्टा आरंभीच्या आठवड्यांत बळकट होण्याऐवजी उलट दुबळा होत जातो. त्यातील जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि मग त्याचे धागे सावकाश नव्याने विणले जातात. या कामास वर्ष, कधी त्याहून अधिक काळ लागतो. सूज आणि वेदना मात्र त्याच्या कितीतरी आधी ओसरतात. रुग्णाला बरे वाटू लागते, जिना चढता येतो, आणि आतला पट्टा अजून कच्चाच असतो. उधारीवर विकलेल्या मालाचा नफा वहीत दिसतो, पण तिजोरीत आलेला नसतो, तशातलाच हा प्रकार.

त्यातून स्कीइंग हा गुडघ्याच्या दृष्टीने मोठा निष्ठुर खेळ. ताठ बूट घोट्याला जखडून ठेवतो आणि पायाखाली लांब फळी असते. ती फळी वेगात अडली वा वळली, तर पीळ घोट्यात जिरत नाही, तो थेट गुडघ्यात उतरतो. डाउनहिल शर्यतीत वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो, हेही लक्षात घ्यावे.

नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलोरॅडोतील कॉपर माउंटन येथे सराव करताना व्हॉन पुन्हा पडली. दुरुस्त केलेला अस्थिबंध अंशतः फाटला. सोचीला तीन महिनेही उरले नव्हते. या वेळी तिने शस्त्रक्रिया न करता, आहे त्या गुडघ्यानिशी शर्यतीत उतरण्याचा निर्णय घेतला. डिसेंबरच्या आरंभी कॅनडातील लेक लुईस येथे लागोपाठ तीन दिवस ती धावली. पहिल्या दिवशी ४० वी, दुसऱ्या दिवशी ११ वी, तिसऱ्या दिवशी ५ वी आली. आकडे पाहून कोणालाही वाटावे की गाडी रुळावर येत आहे. दोनच आठवड्यांनी फ्रान्समधील व्हाल दिझेर येथे ऐन शर्यतीत एका वळणावर गुडघ्याने दगा दिला. ती पडली नाही, पण मार्गाबाहेर गेली. जानेवारी २०१४ च्या पहिल्या पंधरवड्यात तिने सोचीतून माघार जाहीर केली आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरी गेली.

तिला उतावीळ ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ऑलिंपिक चार वर्षांनी येते आणि व्हॉन त्या वेळी २९ वर्षांची होती. ज्याची वर्षाची निम्मी विक्री दिवाळीच्या पंधरा दिवसांत होते, त्या दुकानदारास ऐन हंगामात दुकान बंद ठेवण्याचा सल्ला कोण देईल, आणि दिला तरी तो ऐकेल काय? तिने जोखीम डोळे उघडे ठेवून पत्करली. मात्र त्या जोखमीची किंमत एका ऑलिंपिकवर भागली नाही. बरे होण्याचे सारे वेळापत्रक पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावे लागले.

हा प्रसंग दूरच्या बर्फाळ देशातला असला तरी व्यापारी कुटुंबांना तो आता तितकासा परका राहिलेला नाही. मुलेमुली गुलमर्ग वा औलीला जाऊन स्कीइंग शिकतात; बॅडमिंटन, फुटबॉल आणि कबड्डीतही हाच अस्थिबंध तुटतो. घरी शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. आजी म्हणते, ‘आता दुखत नाही ना रे, मग काठी कशाला?’ काका म्हणतात, ‘गादीवर मांडी घालून बस पाहू, सवयीने सुटेल.’ दोघांच्याही मनात मायाच असते. परंतु दुखत नाही म्हणजे बरे झाले, ही त्यांची फूटपट्टी या दुखण्याला लागू पडत नाही. मांडी घालणे, उकिडवे बसणे, धावणे यांपैकी काय केव्हा सुरू करायचे, ते फिजिओथेरपिस्टने सांगावे. मैदानावर परतण्यासाठी अनेक शल्यविशारद आता किमान नऊ महिने थांबण्यास सांगतात, आणि तेवढ्यावर न थांबता एका पायावर उड्या मारायला लावून, स्नायूंचे बळ मोजून, दुखावलेला पाय दुसऱ्या पायाच्या जवळपास आला आहे की नाही ते पाहतात. तारीख आणि परीक्षा, दोन्ही पार पडल्या पाहिजेत.

मनाचे काय, हा प्रश्न उरतोच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा संघ त्याच्यावाचून खेळत असतो आणि तो घरी मांडीचे स्नायू आवळण्याचा कंटाळवाणा व्यायाम दिवसातून कितीदा तरी करत असतो. अशा वेळी त्याला आयताच सापडला म्हणून दुकानाच्या गल्ल्यावर बसवण्याचा मोह वडिलांना होतो. बसवावेही, हरकत नाही, पण सराव असेल त्या संध्याकाळी त्याला मैदानाच्या कडेला नेऊन सोडावे. गुणलेखन करू द्यावे, लहानांच्या चुका दाखवू द्याव्यात. खेळापासून शरीर दूर असताना मनही दूर गेले, की व्यायामाचा आळस चढू लागतो. व्हॉनसुद्धा सोचीच्या त्या दिवसांत एका अमेरिकी दूरचित्रवाहिनीसाठी ऑलिंपिकचे वार्तांकन करत होती. ज्या शर्यतीचे सुवर्ण चार वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात होते, तिच्याविषयी बोलणे सुखाचे गेले असेल असे नव्हे.

दुसरी प्रतीक्षा पहिलीहून लांबली. दोन्ही प्रतीक्षांतील मोठा फरक असा की, या वेळी समोर ऑलिंपिकची तारीख नव्हती. जानेवारी २०१४ मधील शस्त्रक्रियेनंतर ती सुमारे अकरा महिन्यांनी, डिसेंबरात, त्याच लेक लुईसच्या उतारावर परतली. पहिल्या दिवशी ८ वी आली. दुसऱ्या दिवशी तिने डाउनहिल जिंकली. १८ जानेवारी २०१५ रोजी इटलीतील कोर्तिना द'आम्पेत्सो येथे तिने विश्वचषक शर्यतींतील ६२ वा विजय मिळवून ऑस्ट्रियाच्या आनेमारी मोझर-प्र्योलचा विक्रम गाठला, आणि दुसऱ्याच दिवशी ६३ वा विजय मिळवून तो मोडला. महिलांचा हा विक्रम पस्तीस वर्षे अबाधित होता.

पुढेही दुखापती होत राहिल्या आणि २०१९ मध्ये, ८२ विजयांनंतर, तिने निवृत्ती घेतली. श्लाडमिंगला दुखावलेल्या त्या उजव्या गुडघ्याचा एक भाग २०२४ च्या एप्रिलमध्ये कृत्रिम बसवावा लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा विश्वचषक शर्यतीच्या आरंभरेषेवर उभी होती.