गाणे गोड आहे, पण त्यात वस्ती कुठे आहे?

एका ख्रिस्ती कुटुंबाचे जातीच्या दाखल्याचे प्रकरण आमच्याकडे आले होते. कागदपत्रांच्या निमित्ताने ओळख वाढली आणि एका रविवारी त्यांच्या आग्रहावरून आम्ही उपासनेला जाऊन बसलो. आम्ही बौद्ध. प्रार्थनेवर आमचा विश्वास नाही. पण माणसे काय गातात हे ऐकायला काय हरकत आहे?

पुढे की-बोर्ड, ड्रमसेट, दोन गिटार. भिंतीवर मोठ्या अक्षरांत गाण्याचे शब्द. तरुण मुले-मुली डोळे मिटून, हात उंचावून गात होती. काहींच्या गालांवरून पाणी ओघळत होते. बहुतेक गाणी इंग्रजी, काही हिंदी, मराठी एखाददुसरे. ज्याच्या दाखल्यासाठी आम्ही खेटे घालत होतो, तोच मुलगा गिटार वाजवत होता. शेजारी बसलेली त्याची आजी पुटपुटली, "आमच्या वेळची भजनं गेली, आता नुसता गोंगाट."

आजीची खंत आम्हाला समजते, पण पटत नाही. ती ज्या भजनांची आठवण काढते त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१-१९१९) भजने आहेत. मिशनऱ्यांनी आणलेल्या परक्या चाली चालू असताना टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंगाची आणि ओवीची भाषा आणली. त्या काळी तेही नवेच होते. पेटीच्या जागी गिटार आली म्हणून श्रद्धा बुडत नाही. आमचा प्रश्न वाद्याचा नाही, शब्दांचा आहे.

ही नवी गाणी येतात कुठून? सिडनीत १९८३ साली सुरू झालेल्या हिलसाँग चर्चमधून, अमेरिकेतल्या बेथेल आणि एलिव्हेशन या चर्चमधून. गाणी बांधणारी आणि विकणारी त्यांची स्वतःची यंत्रणा आहे. हिलसाँगचे २०१३ सालचे 'ओशन्स' हे गाणे इंटरनेटवरून जगभर पोहोचले. यांतल्या बहुतेक गाण्यांचा कर्ता एकच असतो, 'मी'. माझी भीती, माझे एकटेपण, माझे पाप आणि मला उचलून धरणारा प्रभू. त्यात शेजारी नाही, मालक नाही, पोलीस ठाणे नाही, गावकुसाबाहेरची वस्ती नाही.

हे आम्ही त्या मुलाला बोलून दाखवले. तो म्हणाला, "वकीलकाका, तिथं गाताना मला माझी जात आठवत नाही. म्हणूनच तर मी जातो."

या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. ज्याला आठवडाभर जात सांगावी लागते, त्याला दोन तास ती विसरता येत असतील तर त्याची चेष्टा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण रविवारनंतर सोमवार येतो. सोमवारी कचेरीत त्याला सांगितले जाते की, तुझे पणजोबा महार असतील, पण तू ख्रिस्ती आहेस, तुला अनुसूचित जातीचा दाखला मिळणार नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील तिसरा परिच्छेद मध्ये उभा राहतो. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० साली बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही मग त्याच्या मदतीला येत नाही. वस्तीला त्याची जात ठाऊक असते, कायद्याला नसते.

मद्रासच्या सुसाई नावाच्या ख्रिस्ती चांभाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. धर्मांतरानंतरही तेवढेच मागासलेपण टिकून आहे, हे दाखवणारी पुरेशी माहिती समोर नाही, असे सांगून न्यायालयाने १९८५ साली याचिका फेटाळली. यातला धडा कायद्यापुरता नाही. आपले दुःख जो समाज उपासनेतही उच्चारत नाही, त्याचे दुःख दुसऱ्याने ओळखावे कसे? बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना नेमके येथेच बोट ठेवले आहे. हिंदू असताना त्याला पूर्वजन्मीचे कर्म सांगितले गेले, ख्रिस्ती झाल्यावर पूर्वजांचे पाप. दोन्हीकडे अन्याय करणारा सुटला.

मग ख्रिस्ती गाण्यात हे बसतच नाही काय? बसते. मदुराईच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकवणारे दलित ख्रिस्ती संगीतकार जेम्स थिओफिलस अप्पावू (१९४०-२००५) यांनी ते करून दाखवले. वरच्या जातींच्या ख्रिस्त्यांना कर्नाटक संगीत प्रतिष्ठेचे वाटे. अप्पावूंनी खेड्यातल्या लोकचाली घेतल्या आणि अशुद्ध मानलेले परै वाद्य उपासनेत आणले. सगळ्यांनी एका हंडीतले अन्न वाटून खाणे, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा होता. अमेरिकेतही १९६२ साली फ्रीडम सिंगर्सच्या तरुणांनी काळ्यांच्या चर्चमधल्या चाली मोर्चात आणि तुरुंगात नेल्या. त्या गाण्यांतही देव होता. पण तिथे 'मी'चा 'आम्ही' झाला होता.

हे लिहिताना आमच्या घरातही डोकावले पाहिजे. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) आयुष्यभर गावोगाव फिरून गाण्यातून विचार पेरला. आज १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीपुढे आमची मुले नाचतात, तेव्हा त्या गाण्यातून बाबासाहेबांचा कोणता विचार घरी जातो? नाव भीमाचे आणि शब्द पोकळ असतील तर आम्हाला इतरांकडे बोट दाखवता येणार नाही.

तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धच्या मागणीला आमच्यातले काही जण बिचकतात. आपल्या ताटातला घास जाईल, अशी भीती त्यांना वाटते. वाटा वाढवून मागता येतो, त्यासाठी भांडताही येते. पण १९९० पर्यंत केंद्राच्या यादीबाहेर आपणही उभे होतो, हे आपण विसरावे काय? केंद्राने २०२२ साली याच प्रश्नावर न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. अशा आयोगापुढे बौद्धांनी दलित ख्रिस्त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.

आणि त्या मुलाला आमचे सांगणे एवढेच आहे. बाबा रे, गिटार सोडू नकोस. पण दहा गाणी सिडनीची म्हणशील तेव्हा अकरावे तुझ्या मराठीत, तुझ्या वस्तीवर बांध. त्यात तुझ्या नाकारलेल्या दाखल्याचेही नाव येऊ दे. ते गाणे ऐकायला आम्ही पुन्हा येऊ आणि मागच्या बाकावर नाही, तुझ्या आजीबरोबर पुढे बसू.

जय भीम.